शिवेवर फोडायचा नारळ

गावाकडं माझी ओळख 'युरोप बघितलेला माणूस' अशी आहे. नववीत शाळा सोडली, जळकोटला हायवेवर ट्रक धुता धुता चालवायला शिकलो आणि आता पोलंडातल्या एका मालकाचा ट्रक घेऊन देशोदेशी हिंडतो. हिंडतो म्हणजे एका गोदामाच्या मागच्या दारातून निघून दुसऱ्या गोदामाच्या मागच्या दारात पोचतो. कुठल्या पार्किंगमधल्या नळाला गरम पाणी येतं ते विचारा, राजवाड्यांचं विचारू नका. पण फोटोत मागं बर्फ दिसला की गावाला तेवढं पुरतं, आणि मीही कुणाचा आनंद मोडला नाही.

यंदा उन्हाळी सुट्टीत बायको आणि दोन्ही पोरं आली. मालकानं फिरायला आपली जुनी गाडी दिली. त्याचे उपकार एवढे, की सीटवर सांडायला नको म्हणून मी पोरांना गाडीत चिवडाच खाऊ दिला नाही.

बायकोनं येताना नारळ आणला होता. विमानतळावर तुपाची बरणी काढून घेतली, नारळाला कुणी हात लावला नाही. तो आईनं दिलेला. आमच्याकडं नवी नवरी असो की नवी गाडी, शिवेवर नारळ फुटल्याशिवाय पुढं सरकत नाही. मी एवढे देश तसेच ओलांडले हे कळल्यापासून टीव्हीवर अपघाताची बातमी लागली, की आई टीव्ही बंद करते आणि मला फोन लावते. या खेपेला मात्र शिवेवर नारळ फोडायचाच, असं तिनं सुनेकडून कबूल करून घेतलं होतं. मी वरवर हसलो. खरं म्हणजे तो नारळ फुटायला मलाच हवा होता. हिवाळ्यात रस्ता काचेसारखा होतो, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवताना न फोडलेले सगळे नारळ आठवतात.

पोलंडातून चेक देशाकडं निघालो. शीव कशी असते ते मी पोरांना रंगवून सांगत होतो. मोठी कमान, झेंडे, बंदूकवाले शिपाई. एवढ्यात मोबाईल वाजला. नव्या देशात तुमचं स्वागत आहे, असा मेसेज.

बायकोनं नारळ मांडीवर घेतला. "आली का शीव?"

"गेली."

"गेली म्हंजी? गाडी थांबवायची न्हाय व्हय?"

हायवेवर थांबता येत नाही आणि माघारी वळता येत नाही, हे मी तिला समजावलं. तिनं नारळ परत पिशवीत ठेवला. पाचवीतला पोरगा बोलला. "पप्पा, तुमालाबी मोबाईलच सांगतो का?"

राजधानी बघितली. जुना पूल, मोठं घड्याळ, सगळं. बायकोच्या पिशवीत नारळ होता, त्यामुळं तिला कशातच गोडी लागेना.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाकडं जाताना मी मुद्दाम बारकी वाट धरली. मोबाईलमधली बाई वळा वळा म्हणत राहिली. दोन्ही बाजूंना मोहरीसारखं पिवळं पीक, आणि त्यात गुडघ्याएवढा एक पांढरा दगड. एका अंगाला एक अक्षर, दुसऱ्या अंगाला दुसरं. हीच शीव. असाच दगड आमच्या आणि चुलत्यांच्या रानात आहे. तो वीतभर सरकला, म्हणून दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत आणि कोर्टात तारखा पडतात. इथं दोन देशांच्या बांधावर राखणीला कुत्रंसुद्धा नव्हतं.

बायको नारळ घेऊन उतरली आणि माझं अवसान गळालं. परक्या सरकारच्या दगडावर नारळ आपटला आणि कुणी बघितलं, तर इथं राहायच्या परवान्याचं कार्ड जाईल, नोकरी जाईल. मी म्हटलं, जरा लांब फोडू.

"मग हितवर आलाव कशाला?"

शेवटी रानातलाच एक धोंडा आणून मी सरकारी दगडाशेजारी ठेवला. तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारं जोडपं आलं आणि थांबलं. मी एका हातानं नारळ पाठीमागं लपवला आणि दुसऱ्या हातानं, कुणी मागितलेलं नसताना, माझं कार्ड पुढं केलं. म्हाताऱ्यानं कार्डाकडं बघितलंसुद्धा नाही. मागं काय आहे, असं खुणेनं विचारलं.

बायकोनं माझ्या हातातून नारळ काढून घेतला आणि त्यांच्यादेखत फोडला. पाणी चाकांवर शिंपडलं, दोघांच्या हातावर खोबरं ठेवलं. हे पप्पांच्या गाडीसाठी आहे, त्यांना रस्त्यात काही होऊ नये म्हणून, असं पोरानं शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. म्हातारीनं खोबरं चावता चावता गाडीच्या बोनेटवर, वासराला थोपटावं तसं थोपटलं.

ते गेल्यावर बायकोच्या ध्यानात आलं. "अवो, ही गाडी तर मालकाची."

त्याचे उपकार निदान थोडे फिटले, असं मी म्हटलं. ती हसली नाही. उरलेली वाटी तिनं ट्रकासाठी रुमालात बांधून ठेवली.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिनं विचारलं, "शिवेवर दोन्हीकडची मानसं आलती का?"

"आलती. खोबरं खाऊन गेली."

"भांडली न्हाईत?"

"न्हाय."

ती म्हणाली, "बरं झालं. आता टीव्ही लावते."

ती वाटी वाळून आता ट्रकात काचेपाशी असते. मोबाईल वाजला की मी तिला हात लावतो. तोवर शीव मागं पडलेली असते. आईला तेवढं सांगितलेलं नाही.