ढोल यायच्या आधी

आमच्या फॅमिली ग्रुपवर काहीही टाका, त्याचं कौतुकच होतं. कोणी नवी गाडी टाको, कोणी तेलात विरघळलेले अनारसे टाको, खाली टाळ्यांची आणि फुलांची रांग लागते. न उघडताच ‘अप्रतिम’ लिहिण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही. त्यामुळे लेकीने कॉलेजसाठी केलेला म्युझिक व्हिडिओ ऑनलाइन टाकला आणि "आई, लिंक सगळ्यांना पाठव, आय नीड फीडबॅक" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे?

गाणं तिच्या वर्गमैत्रिणीचं, इंग्रजी, अगदी हळू सुरू होणारं. कॅमेरा, एडिटिंग, बाकी सगळं लेकीचं. ती शाळेत असल्यापासून इथे परदेशातल्या आपल्या मराठी लोकांच्या ढोल-ताशा पथकात वाजवते. गणपतीच्या आधी एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांची प्रॅक्टिस चालते. व्हिडिओत पथकातली माणसं आपापल्या घरी तयार होताना दिसतात, आणि शेवटी त्या पार्किंग लॉटमध्ये गाण्यात एकदम ढोल शिरतो. त्या एका क्षणासाठी तिने सगळा खटाटोप केला होता. सेमिस्टरच्या शेवटी सुधारलेला व्हिडिओ कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचा होता. लोक ढोल येईपर्यंत थांबतात का, एवढंच तिला आधी जाणून घ्यायचं होतं.

बघता बघता कमेंट्सचा ढीग पडला. पुण्याच्या आत्याबाईंनी लिहिलं, "ढोल ऐकून अंगावर काटा आला." सनीव्हेलच्या भाच्याने लिहिलं, "किलर, यार!" मी एकेक मोठ्याने वाचून दाखवत होते आणि लेक लॅपटॉपवरची एक रेघ बघत होती. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात ते त्या रेघेवरून कळतं म्हणे. ती ढोलाच्या बरीच आधी धाडकन खाली आली होती.

"आई, ढोल ऑलमोस्ट कोणी ऐकलाच नाहीये," ती म्हणाली.

मला आत्याबाईंचा असा राग आला! लेक मात्र पोट धरून हसत होती.

मग एक वेगळी कमेंट आली. पथकात एक काका आहेत, मूळचे नागपूरचे, आता पार्सिपनीला असतात. त्यांनी लिहिलं, "बेटा, खरं सांगतो, मधेच बोअर झालो. ढोल यायच्या आधीच बंद केलं." माझं डोकंच फिरलं. दर दिवाळीला माझ्या हातचा चिवडा डबा भरभरून नेतात आणि पोरीला चारचौघांत बोअर म्हणतात! "डिलीट कर ती कमेंट," मी म्हटलं. तिने डिलीट करायचं सोडून काकांना फोन लावला, तोही स्पीकरवर. मी समोरच मेथी निवडत बसले होते.

"काका, थँक यू सो मच. एक्झॅक्टली कुठे बंद केलंत?"

"आता कसं सांगू... तुझी आई इस्त्री करते ना बाप्पा, तिथे. ते संपतच नाही." मग काकांनी आवाज खाली आणला. "आई जवळ नाही ना?"

"आहे," लेक म्हणाली.

त्या शॉटचं सांगायला हवं. लेकीचा पांढरा कुर्ता मी इस्त्री करते, एवढाच तो होता. "घरातल्या कपड्यांत कर," असं तिने मला बजावलं होतं. पण जगभर दिसणार म्हटल्यावर गाऊनवर कोण उभं राहणार? मी पैठणी नेसले, नथ घातली आणि कपड्यांच्या ड्रायरशेजारी उभी राहून इस्त्री केली. तिने तेव्हा एका शब्दानेही अडवलं नाही. आता तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रेघ नेमकी माझ्या पैठणीवर कोसळली होती.

"मग काढून टाक ना मला," मी फणकाऱ्याने म्हटलं. ती ‘छे, काहीतरीच काय’ म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"हो, काढायलाच हवं," ती म्हणाली. मग माझ्यासमोरची मेथी स्वतःकडे ओढून निवडायला लागली. "शॉट वाईट नाहीये, आई. यू लुक्ड सो हॅपी. मला तो कट करवेचना. आय केप्ट इट फॉर मी, नॉट फॉर द साँग."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं. आम्ही सगळे एकमेकांना गोड बोलून वाढलो. कोणाचं मन मोडू नये म्हणून नको त्या गोष्टी वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या. हिने आपल्याला झोंबणारं बोलणाऱ्या माणसाला आपणहून फोन केला, नीट ऐकून घेतलं आणि आपल्या सगळ्यात लाडक्या जागेवर कात्री चालवली. ती छाती माझ्यात नाही.

सेमिस्टरच्या शेवटी व्हिडिओ दाखवला त्या दिवशी कॉलेजचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. आमची ओळखीची माणसं फारशी नव्हती. कोणाला आमचं कौतुक करायची गरज नव्हती आणि दारं उघडीच होती. लेक माझ्या शेजारी बसली होती, पण पडद्याकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून. गाणं सुरू झालं. माणसं तयार होत गेली. कुर्ता आला, पण तो इस्त्री झालेलाच आला. माझ्या मागे कोणी उठतंय का, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत होते.

ढोल वाजला तेव्हा सगळे जागच्या जागी होते. मी हमसून हमसून रडत होते, आणि ते तिला दिसलं नाही, कारण ती लोकांकडे बघत होती.