तुमच्या खिडकीतून काय दिसतं?

आमच्या बागवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर हजारो माणसं आहेत. मी ॲडमिन, म्हणजे नियम सांगणारी. पण ग्रुप जागता ठेवला तो मालतीताईंनी. कुणी नवीन आलं की त्या लिहायच्या, "या, बसा. तुमच्या खिडकीतून काय दिसतं?" मग अबोल माणसंही लिहू लागायची: समोरची भिंत, पाण्याची टाकी, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साड्या. वाचता वाचता वाटायचं, या साऱ्या खिडक्या एकाच लांबलचक घराच्या आहेत.

गेले काही महिने ताई दिसेनाशा झाल्या. फोनही लागेना. तो प्रश्न मात्र हळूहळू इतर जण विचारू लागले.

आज दुपारी ग्रुपवर एक अनोळखी नंबर आला. परवाच आलेल्या कुणीतरी लगेच लिहिलं, "या, बसा. तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

बराच वेळ नुसतं 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं, पडद्याआड कुणी उभं असावं तसं. मग उत्तर आलं, "चिंच. आणि तिच्यात अडकलेला जुना पतंग."

तो पतंग माझ्या ओळखीचा होता. ताईंच्याच खिडकीतला; त्याच्याबद्दल त्यांनीच एकदा लिहिलं होतं. त्यांचं नाव लिहायला गेले आणि थांबले. इतकी वर्षं दारात उभं राहून सगळ्यांना आत घेणाऱ्या बाईला आज पहिल्यांदा कुणीतरी आत बोलावत होतं.

मीही लिहिलं, "या, बसा."