काकांच्या गाण्यांची डिस्क

आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कुणीही काहीही ऐकवतं. पूर्वी मी मान डोलवायचो. आता संताप येतो.

मी कोकणातला. बुलडाण्याच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या शूटिंगला लागलो आणि देऊळघाटला खोली घेतली. घरमालक काका भीमगीतं गायचे. जयंतीला त्यांची गाण्याची पार्टी गावोगाव जायची. नोकरी टिकेल की नाही, या धास्तीनं माझं जेवण उडालं होतं, तेव्हा काकू ताट पुढं सरकवून म्हणायच्या, "काऊन भेऊन राह्यला बापा? जेव आधी." परक्या मुलखात असं म्हणणारं माणूस मिळणं, हे मी कसं विसरू?

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. म्हणून विहारात सगळी पार्टी बसवून मी त्यांची गाणी कॅमेऱ्यावर घेतली. स्टुडिओत पद्धत अशी, की कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच दिवशी मोठ्या डिस्कवर उतरवायचं आणि पुसून पुढच्या लग्नाला न्यायचं. म्हणजे काकांचा आवाज त्या एकाच डिस्कवर. दुसरी कॉपी करू का विचारलं, तर स्टुडिओचे मालक म्हणाले, "लग्नाच्या कॉप्या होत नाहीत, अन् तू गाणे घेऊन बसला!"

स्टुडिओतले सगळे अडॅप्टर एका पिशवीत कोंबलेले. सगळे काळे, पिनही सारखीच, व्होल्टेज मात्र प्रत्येकाचं वेगळं. मी प्रत्येकावर पट्टी चिकटवून नाव लिहिलं होतं. घाण दिसते म्हणून मालकांनी त्या पट्ट्या सोलून काढल्या, आणि काकांचं ऑपरेशन झाल्यावर एका दुपारी लॅपटॉपचा अडॅप्टर स्वतःच डिस्कला खुपसला. टक्क आवाज, जळका वास, डिस्क बंद.

"लाईटनं झालं," मालक म्हणाले. लाईटनं! पंखा तर एकसारखा फिरत होता.

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं डिस्क नुसती हातात धरली आणि निकाल दिला, "डेटा गेला. तरी झाकण खोलून पाहतो." समोर रस्त्याची धूळ, डोक्यावर पंखा, आणि याच्या हातात स्क्रूड्रायव्हर. आतल्या तबकडीला धुळीचा कण चालत नाही. शेवचिवड्याचा डबा आहे का तो? मी डिस्क ओढूनच घेतली.

परत आलो तर मालकांनी वाटही काढून ठेवलेली. "सांगून दे त्याले, कार्डच खराब निघालं म्हणा. तो काय बोलणार हाय?"

बोलता येत नाही, म्हणून त्या माणसाशी खोटं बोलायचं! मी डिस्क उचलली आणि तडक बाहेर पडलो.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एकाकडे गेलो. त्यानं डिस्कखालची हिरवी प्लेट सोडवली, मीटर लावलं आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग दाखवला. "हा राखणदार. जास्त करंट आला की हा मरते, बाकीच्याइले वाचवते." त्यानं तो काढून टाकला आणि डिस्क नीट सप्लायवर जोडली. ती गुणगुणत फिरायला लागली. "आता राखण नाही, लवकर उतरवून घे. अन् नाचू नको बे, टेबल हालते."

गाणी उतरवून घेतली आणि एक कॉपी मी थेट काकूंच्या हातात दिली. मालक ओरडले, "स्टुडिओचा माल घरोघर वाटून राह्यला काय?"

"डिस्क तुमची, गळा त्यांचा," मी म्हणालो.

संध्याकाळी फोनवर गाणी लावली. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच कपाळाला आठी घालून त्यांनी मांडीवर फाडकन थाप मारली, बोटानं मागचं कडवं पुन्हा लावायला सांगितलं आणि पार्टीतल्या ढोलकीवाल्याच्या घराकडे रागानं हात केला.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "ठेका चुकला म्हणून चिडले. आवाज गेला बापा, पण भांडण काही गेलं नाही!"