उरलेले तीन रोडगे

गणित गोष्टीतून शिकवायचं, हे खूळ एका प्रशिक्षणातून माझ्या डोक्यात शिरलं. महाल भागातल्या आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. पहिल्याच गोष्टीत मी एक राजा आणला. त्याचे हत्ती सारख्या रांगांत उभे करायचे होते. पण हत्ती काय खातात आणि राजाला मिशा होत्या का, यातच तास संपला. भागाकार राहूनच गेला. तरी माझा तोरा कमी झाला नाही. शेजारच्या वर्गातल्या मॅडमना मी वर सल्लेही देत असे.

खरी काळजी होती एका मुलीची. गणिताच्या तासाला ती तोंडच उघडायची नाही. तिची आई बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला जायची. एकदा आई वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाली, "गणित असलं का पोट दुखते म्हन्ते, मॅडम. शाळेतच नाही जात म्हन्ते. तुमीच पाहा आता." मी मोठ्या ऐटीत शब्द देऊन बसले, की महिन्याभरात तिला बोलती करते.

मग राजाला रजा दिली आणि शेतातली रोडग्यांची पंगत मांडली. कणकेचे गोळे निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवलेले चोवीस रोडगे, वांग्याची भाजी, जेवायला सात पाहुणे. वर्णन इतकं रंगवलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "तीन तीन रोडगे खाऊन कोनी उठन का, मॅडम?" मी तिकडे काणाडोळा केला.

सगळ्यांच्या वह्यांत उत्तर बरोबर होतं: प्रत्येकी तीन, बाकी तीन. फक्त तिच्या वहीत बाकी शून्य. मी लाल पेनानं फुली मारली आणि वर विचारलं, "मग उरलेले तीन काय कावळ्यानं नेले?" वर्ग खो खो हसला. तिचे डोळे भरून आले. बोलतं करण्याची माझी ही तऱ्हा!

ती वहीकडेच बघत म्हणाली, "जे बाई वाढून राहिली, तिले नाही द्याचे का, मॅडम? ते तीन तिचे."

गणिताच्या तासाला तिनं बोललेलं हे पहिलं वाक्य. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फुली खोडायला गेले, तर पानभर नुसतं लाल झालं. सणावारी घरादाराला वाढून, पातेल्यात राहील ते शेवटी खाणारी बाई मी, आणि माझ्याच गोष्टीतल्या पंगतीत मी मला मोजलंच नव्हतं.