तहरीमनं पास केलेली गादी

नशिराबादच्या बाजाराकडे जाताना एका ठिकाणी हवेत कापूस तरंगताना दिसतो. तो नूर महंमदच्या दुकानातून येतो. बापानं धनुकलीवर रुई पिंजली, हा मशीनवर पिंजतो. दोघांच्याही भुवया केसांच्या आधी पांढऱ्या झाल्या. गाव ज्याच्यावर आडवं होऊन दिवसाला विसरतं, ते हा माणूस दिवसभर सुईनं टाचत बसतो. झोप ही काय चीज आहे, याचा मात्र त्यानं कधी विचार केला नव्हता. "गादी चांगली असली की येते," एवढंच त्याचं म्हणणं.

बापाकडून त्याला एक रिवाज मिळाला होता. गादी शिवून झाली, काठीनं झोडून सारखी केली, की घरातलं लहान मूल तिच्यावर निजवायचं. मूल निजलं तर गादी गिऱ्हाइकाच्या घरी. चुळबुळत राहिलं तर टाके उसवून रुई पुन्हा पसरायची. आणि निजवताना मुलाच्या गालात एक बत्तासा ठेवायचा. गोड तोंडानं मूल निजलं की ती गादी ज्या घरी जाईल तिथं गोडवा नेते, असं बाप म्हणायचा.

मुलगा अल्तमश असाच बत्तासे चघळत मोठा झाला आणि जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला. आता त्या गाद्यांवर त्याची चार वर्षांची मुलगी, तहरीम, निजायची. अंगणवाडी सुटली, जेवण झालं, की ती आजोबांच्या दुकानात हजर. दिवेलागणीपर्यंत गाद्या पास करायची. फोमवाल्यांची दुकानं शहरातून गावापर्यंत पोचली, तरी लोक नूर महंमदकडे येऊन सांगायचे, "नूरभाऊ, पोरीनं पास केलेली द्या हं." तेव्हा म्हातारा असा फुलायचा, जशी नुकती पिंजलेली रुई.

रात्री घर पेंगायला लागलं की तहरीमचा दिवस उजाडायचा. तिची आई नाजमीन दिवसभर राबून मोडलेली. ती साखर घातलेल्या दुधाची बाटली पोरीच्या तोंडात द्यायची आणि बहुतेक वेळा पोरीच्या आधी स्वतःच झोपायची. सकाळी तहरीमला उठवणं म्हणजे ओल्या गादीला उभं करणं. ब्रश राहायचा, तोंडावर पाणी मारून अंगणवाडी गाठायची.

एका दुपारी तिनं पेरू चावला आणि किंचाळली. अल्तमशनं मोबाइलचा उजेड धरून पाहिलं. वरचे पुढचे चारही दात हिरडीजवळ तपकिरी झाले होते.

जळगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नाजमीन तिला घेऊन गेली. नूर महंमदही सोबत गेला.

"दुधाचे दात आहेत, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "पडायचेच आहेत."

"पडायचे तेव्हा पडतील की, चाचा. आत्तापासून कशाला पाडताय?" बाईंनी आरसा बाहेर काढला. "झोपताना हिच्या तोंडात काय असतं?"

"बाटली," नाजमीन खाली पाहून म्हणाली.

नूर महंमद छताचा पंखा पाहू लागला. बत्ताशाची गोष्ट झाकलीही गेली असती, पण तहरीम खुर्चीतून अभिमानानं म्हणाली, "आणि बत्तासा! आजोबा देतात. गादी पास करायला."

बाईंना आधी हसू आलं, मग ते गेलं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यांनी सांगितलं. जागेपणी लाळ दात धुते, झोपेत गोड तसंच दातांवर बसून राहतं, दुधाचंही. "तीन दात मी भरते. हा चौथा काठावर आहे. निजताना गोड बंद झालं तर वाचेल. नाहीतर पुढच्या वेळी काढावा लागेल."

परतताना रिक्षात नाजमीन म्हणाली, "अब्बा, बाटली मी बंद करते. तिला लवकर निजवायचं, तर दुकानातली झोपही बंद हवी."

"बत्तासा बंद करू ना."

"झोपही, अब्बा."

बाटली आणि दुकानातली झोप, दोन्ही बंद झालं. पहिल्या रात्री पोर रडली, दुसऱ्या रात्रीही. मग ब्रश करून, घोटभर पाणी पिऊन अंधार पडल्यावर थोड्याच वेळात निजू लागली. घर शांत झालं. दुकानात मात्र नव्या गाद्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांना पास कोण करणार? नूर महंमदला वाटलं, आपण जन्मभर रुई नाही, विश्वास भरत होतो, आणि तो आता संपलाय.

तेवढ्यात रावेरकडच्या केळीवाल्या सुनंदाबाई आल्या. मुलीच्या, मोहिनीच्या लग्नाची गादी न्यायला. नाजमीन बाजारात गेली होती, म्हणून तहरीम दुकानातच होती. बाईंनी पर्समधून पेढा काढला.

"घे माय, चघय अन् नीज. मले तं पोरीनं निजलेलीच गादी पाह्यजे."

तहरीमनं पेढा घेतला. आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पेढ्याकडे पाहिलं, मग त्या चौथ्या दाताकडे.

"अक्का," त्यानं तिच्या हातातून पेढा काढून घेतला, "हिनं नोकरी सोडली."

"आँ? मग पास कोन करीन?"

"मी."

"तू? बुढ्या, तुले तं उभ्यानं झोप येईन!"

पण तो आडवा झाला. इतकी वर्षं गाद्या शिवून तो दुकानात एकदाही पाठ टेकून पडला नव्हता. वर छताला जुना कापूस लोंबत होता. तो पाहता पाहता, पेढा मुठीत धरून, नूर महंमद घोरू लागला.

"बाप्पा! हा तं खरंच निजला!"

"हळू बोला," तहरीमनं ओठांवर बोट ठेवलं. "पास होतेय." मग तिनं आजोबांची मूठ उघडून पेढा काढला आणि सुनंदाबाईंना परत दिला. "निजताना गोड नाही द्यायचं. त्यांचे दात अजून आहेत थोडे."

सुनंदाबाई तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

जाग आल्यावर नूर महंमद लाजला, पण लगेच पाठ चोळत उठला. "अक्का, आज गादी देत नाही. मध्ये रुईची गाठ राहिलीय. कमरेला टोचली." अशा गाठी आधीच्याही गाद्यांत राहिल्या असणार, तरी मुलं निजलीच; म्हणजे इतकी वर्षं ती गादीवर नाही, बत्ताशावर निजत होती, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं तिथंच टाके उसवायला घेतले.

"अशा गाठी मोहिनीच्या बापाच्या गादीत बी असतीन," सुनंदाबाई म्हणाल्या. "म्हनूनच ते कुरकुरतात रोज."

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी चौथ्या दातावर हलकेच टकटक केली, थंड हवा मारली. तहरीम रडली नाही.

"राहील हा," बाई म्हणाल्या. "जपा मात्र."

"पास?" तहरीमनं विचारलं.

"पास."

नाजमीननं डोळे पुसले. नूर महंमद मात्र पोरीच्या खुर्चीची बैठक दाबून पाहत होता.

"डॉक्टरबाई, आतला फोम बसलाय," तो म्हणाला. "रुई भरून देऊ का?"