हेल्मी आजीचा चष्मा आणि सडबरीचा संप

ब्रॅम्पटनहून सडबरीला फिरायला कुणी जात नाही, आणि फेब्रुवारीत तर नाहीच. तिकीट खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "नोकरी लागलीय का तिथं?" मी म्हटलं, "नाही, बघायला चाललोय." तिनं न विचारताच रिटर्न तिकीट काढून दिलं.

कॉलेजला आठवड्याची सुट्टी होती (हिला 'रीडिंग वीक' म्हणतात, रीडिंग कुणी करत नाही) आणि वेअरहाऊसमधल्या शिफ्टा कमी झाल्या होत्या. आमचा बार्शीचा वर्गमित्र स्वप्न्या सडबरीच्या कॉलेजात. "ये लका, राहणं फुकट, जेवणं फुकट," एवढंच म्हणाला. उणे पंचवीसबद्दल गडी गप्प.

बसचा ड्रायव्हर प्रत्येक गावाचं नाव असं पुकारायचा की जणू ते गाव नुकतंच वारलंय. मला राहवेना. मी हळूच त्याच्या आवाजात पुढच्या गावाचं नाव घेतलं, तर पुढच्या सीटवरचे आजोबा टोपी घालून दारात जाऊन उभे. बाहेर नुसतं जंगल! त्यांना परत बसवताना ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं जे बघितलं, तसं बघायचे फक्त आमचे हेडमास्तर.

सडबरी म्हणजे काळे खडक, वर बर्फ आणि आभाळात घुसलेलं एक धुराडं. निकेलच्या खाणींचं गाव. टेकाडावर घराएवढं पाच सेंटचं नाणं उभं केलंय. त्याच्यापुढं फोटो काढायला हातमोजा काढला, तर बोटं माझी राहिली नाहीत.

"आता तुला थेटर दाखवतो," स्वप्न्या म्हणाला. जाकिटात तो गुंडाळलेल्या गादीसारखा दिसत होता. "मी तिथं खालच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतो."

तो भाग खाणकामगारांचा. शंभरेक वर्षांपूर्वी फिनलंडहून माणसं आली, ती पक्की समाजवादी. दिवसभर खाणीत खपायची आणि संध्याकाळी क्रांतीची तयारी करायची. देवळाच्या ऐवजी त्यांनी मिळून हा लाल विटांचा हॉल बांधला. खाली कॅन्टीन, वर नाटकघर.

कॅन्टीनमध्ये आधी पुल्ला मिळाला (वेलदोडा घातलेला गोड पाव). एका घासात मला दिवाळीची आठवण आली. मग आला मोयाक्का (माशाचं पातळ कालवण), आणि त्यावर हिरवं काहीतरी. वास घेतला. शेपू! शेपूची भाजी चुकवायला मी सात समुद्र ओलांडून आलो, आणि शेपू माझ्याआधी येऊन बसलेला.

वर गेलो. लाकडी खुर्च्या, पडद्यावर रंगवलेलं तळं. स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध कासवाच्या पाठीएवढी लाकडी टोपी.

"तिच्याखाली प्रॉम्प्टर बसतो," स्वप्न्या म्हणाला. "कामगारांना पाठांतराला वेळ कुठला? खालून एकानं सगळं नाटक वाचायचं, वरच्यांनी म्हणायचं."

आमच्या गॅदरिंगला प्रॉम्प्टर विंगेत लपायचा. इथं त्याला स्वतंत्र घर!

तेवढ्यात त्या टोपीखालून एक म्हातारी फिनिशमध्ये कडाकडा कुणालातरी झापायला लागली. माझ्या जिभेला खाज सुटली. मी तेच सगळं, चढउतारांसकट, शेवटच्या खोकल्यासकट, परत म्हणून दाखवलं.  टोपीखालून पांढरं डोकं वर आलं.

"तू फिनलंडचा?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"बार्शीचा."

"ते कुठं आलं?"

"सोलापूरजवळ."

"चालेल," ती म्हणाली, "पुढाऱ्याचं काम करशील?"

ही हेल्मी आजी. हॉलचा एक जुना नियम होता: वर्षात एक फिनिश नाटक अख्खं झालं, तर स्टेजला कुणी हात लावायचा नाही. ह्या वर्षीचं नाटक त्याच दुपारी होतं. खाणकामगारांच्या संपाचं, दरवर्षी तेच. पण संपाचा पुढारी फ्लोरिडाला गेलेला. थंडी सोसेना म्हणून. क्रांती इकडं थांबलेली आणि पुढारी तिकडं समुद्रात डुंबतोय.

"नाटक झालं नाही, तर आर्वो स्टेज पाडणार," हेल्मी आजी म्हणाली आणि तिनं एका उंच म्हाताऱ्याकडं सुई रोखली. विणायची सुई तिच्या हातात कायम असायची.

आर्वो हॉल-समितीचा अध्यक्ष, आणि नाटकात खाणमालक. जाड भिंगाचा चष्मा, पोटावर घड्याळाची साखळी.

"पाडणार म्हणजे काय, हीटिंगचं बिल कोण भरतंय?" तो म्हणाला. "जागा योगाच्या क्लासला भाड्यानं द्यायचीय."

सगळे माझ्याकडं वळले, जसा काही योग माझ्या काकांनीच काढला होता.

"मला फिनिशचा 'फ' येत नाही," मी म्हणालो.

"समजायचं नाहीये, म्हणायचंय," हेल्मी आजी म्हणाली. "मी सगळ्यांची वाक्यं वाचणार. सुईनं फळीवर टक केलं की पुढचं तुझं. जे ऐकशील ते, जसंच्या तसं."

स्वप्न्या कानात पुटपुटला, "बघ हां, फुकट जेवलायस."

दुपारी हॉल भरला. काठ्या, वॉकर, एक ऑक्सिजनची नळी. मला टोपी घातली, मिशी चिकटवली. मागं सात संपकरी, सगळ्यात तरुण सत्तरीचा.

टक. मी गरजलो. काय गरजलो देव जाणे, पण पुढच्या रांगेतल्या बाईनं डोळे पुसले. टक. मी मूठ आवळली. टक. मी आर्वोवर बोट रोखलं आणि आमचे हेडमास्तर अंगात आणून त्याला असा हाणला की तो खरोखर एक पाऊल मागं सरकला. मला वाटलं, जमलं लका! एवढं सोपं असेल तर आपण पण समाजवादी होऊ.

आणि हेल्मी आजीला शिंक आली. पाठोपाठ ठण्ण आवाज, मग टक. म्हणजे सुई पडली होती, हे मागाहून कळलं. पण टक ते टक. लगेच खालून एक वाक्य आलं. मी दोन्ही हात वर करून ते छपराला भिडवलं:

"मिसॅ मुन लासित ऑन!"

 मग सगळ्यात म्हातारा संपकरी, पक्का नट, गुडघ्यावर बसला आणि स्टेजवर काहीतरी शोधायला लागला. मग दुसरा. पाहता पाहता अख्खा संप रांगायला लागला. प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरत होते.

आर्वो माझ्याजवळ आला आणि दातांतल्या दातांत इंग्रजीत म्हणाला, "तू आत्ता म्हणालास, 'माझा चष्मा कुठंय?'"

मी वाकून टोपीत बघितलं. हेल्मी आजी फटीत हात घालून चाचपत होती. चष्मा स्टेजखालच्या अंधारात गेलेला. तिला अक्षर दिसेना. म्हणजे पुढचं वाक्य नाही, म्हणजे नाटक अर्धं, म्हणजे स्टेज गेलं. तिचा चेहरा बघून मी पहिल्यांदाच, कुणाचीही नक्कल न करता, गप्प उभा राहिलो.

आर्वो आता नुसता उभा राहिला असता, तरी पुरे होतं. दोन मिनिटं. योगाचा क्लास तिथंच सुरू झाला असता.

त्यानं खाली रांगणाऱ्या म्हाताऱ्यांकडं बघितलं. मग त्यानं स्वतःचा चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. मालकानं कामगाराला दिलेली पहिली वस्तू! मी तो टोपीत सोडला. खालून नाक ओढल्याचा आवाज आला. टक. नाटक पुढं सुरू.

पण आता मालकाला दिसेना. शेवटच्या प्रवेशात त्यानं आमच्या मागण्या धुडकावून डाव्या दारानं ताडताड निघून जायचं. संप दरवर्षी हरतो. आर्वो ताडताड निघाला, दार चुकला आणि थेट संपकऱ्यांत घुसला. ते कशाला सोडतायत? एकानं हात धरला, दुसऱ्यानं स्वतःची टोपी त्याला घातली, तिसऱ्यानं मिठी मारली. हॉल उभा राहिला, ज्यांना उभं राहता येत होतं तेवढा. टोपीखालून हेल्मी आजीचं हसू आलं. टक झालं की नाही आठवत नाही. मी तेही म्हणून टाकलं.

पडदा पडल्यावर कॅन्टीनमध्ये हेल्मी आजीनं आर्वोला गाठलं. "हे नाटक अख्खं झालं धरायचं का?"

"लिहिलेल्या नाटकात संप हरतो," आर्वो म्हणाला. तिचा हात चाचपत त्यानं चष्मा परत घेतला. "समितीत बघू."

दुसऱ्या दिवशी निघालो. हेल्मी आजीनं पिशवीभर पुल्ला दिला आणि वर शेपूची जुडी. पुल्ला वाटेतच संपला. जुडी मी ब्रॅम्पटनपर्यंत मांडीवर आणली. घरी भाजी केली. वाईट लागली, पण खाल्ली. शेवटी समजूत काढली स्वतःची: न कळता बोललेलं एखादं वाक्य आपल्याला आवडतं, तशी ही भाजीही आवडेल कधीतरी.

सोमवारी वेअरहाऊसमध्ये आमच्या पंजाबी सुपरवायझरनं (त्याला सगळे 'पाजी' म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ) ब्रेक कमी केला. माझी मूठ आपोआप वर गेली. "मिसॅ मुन लासित ऑन!" दोन पंजाबी पोरांनी जागेवरूनच साथ दिली. पाजी बिचकला आणि ब्रेक परत मिळाला.

रात्री जेवताना स्वप्न्याचा फोन.

"समितीची मीटिंग झाली रे. तुझं ते चष्म्याचं वाक्य मताला टाकलं. नाटकात कायम केलं."

"सगळ्यांनी हात वर केला?"

"आर्वोनं नाही केला. म्हणतो, मग काय दरवर्षी माझाच चष्मा जाणार?"

"दरवर्षी म्हणाला?"

"दरवर्षी म्हणाला, लका."