दिनूकाकांच्या पोटाचं पेप्टाइड

मेडिकलसमोर बाक टाकला की किस्से जमायला वेगळं काही करावं लागत नाही. माणसं खोकल्याचं औषध न्यायला येतात आणि सुनेच्या भांडणापासून मूळव्याधीपर्यंत सगळं तिथे ठेवून जातात. आमच्या अण्णांच्या दुकानासमोर तसा बाक होता. रस्ता रुंद केला तेव्हा गेला. आता तिथे गटाराचं झाकण आहे. मी अजून तिथून जाताना जरा बाजूने वळतो, गुडघ्याला बाक लागेल म्हणून.

फार्मसीचं तिसरं वर्ष संपलं, प्रिन्सिपलशी वाजलं, मी कॉलेज सोडलं आणि अण्णांच्या काउंटरला उभा राहिलो. चारातली तीन वर्षं झालेली, म्हणून बाकावर माझं नाव पडलं ‘पाऊण’. ‘पाऊण, पंखा लाव!’ ‘पाऊण, हे काय लिहिलंय वाच!’ वाचायचं मी आणि अक्कल शिकवायची यांनी! जाम चिडायचो. आता त्या नावाने कुणी हाक मारत नाही, तर तेही टोचतं.

* * *

बाकावरचे कायमचे दोघे. एक सुर्वेभाऊ. पोफळीच्या वीजघरात नोकरी काढलेली, त्यामुळे जगातला प्रत्येक बिघाड त्यांना वायरिंगचा वाटायचा. दुसरे दिनूकाका. तीस वर्षं बोटीवर कुक. अख्ख्या जहाजाला जेवू घातलेला हा माणूस गेली दोन वर्षं पेज आणि पातळ ताकावर होता. जरा तिखट पोटात गेलं की कळ यायची, घामाघूम व्हायचे.

“मला एकदाच बांगड्याचं तिखलं खाऊन सरळ बसायचंय रे,” ते म्हणायचे. “वाकडं न होता. मग काय ते होऊ दे.”

यावर दोन वर्षांत बाकाने काय सुचवलं नाही! ओवा, कोकम, उपाशीपोटी तूप, तूप न खाता उपास. सुर्वेभाऊंचं निदान कायम एकच: “अर्थिंग गेलंय. अनवाणी चाल.”

काका आठवडाभर कातळावर अनवाणी चालले. पोट होतं तसंच राहिलं, वर टाचेत काटा. तो मी काढला!

* * *

मग दुबईहून महेशचं, म्हणजे काकांच्या मुलाचं, पार्सल आलं. थर्माकोलच्या डब्यात बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. फोनवर महेश ओरडून सांगत होता, “पप्पा, पेप्टाइड थेरपी! इथे जिममधले सगळे घेतात. आतडं आतून नवीन होतं!”

फोन ठेवल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. “पाऊण, काय ते सांग.”

म्हटलं, पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा बारका तुकडा. आपलं शरीर स्वतःच असे खूप तुकडे बनवतं. त्यातले काही पेशींना निरोप देतात, इथे दुरुस्ती करा, तिथे सूज आवरा. तसले तुकडे बाहेरून देऊन आतड्याचं अस्तर सुधारतं का, यावर सध्या काम चाललंय. काही ठरावीक आजारांत अशी औषधं डॉक्टर देतातही. पण ही बाटली त्यातली नव्हे. हिच्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये.

सुर्वेभाऊ गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे सिग्नल केबल. मी काय सांगत होतो?”

आणि काका म्हणाले, “माणसांना नाय ना? मग बोटीवरच्या कुकला चालेल.”

* * *

आता कुणी म्हणेल, डॉक्टरला विचारा. छे! बाक म्हणाला, आधी देवाला विचारू.

काकांचं गाव पालीच्या अलीकडे. तिथल्या देवळात कौल लावतात. गुरव मूर्तीला ओली फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. अण्णांच्या गाडीतून चौघं गेलो. बाटली देवापुढे ठेवून गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा महाराजा, दिनूच्या लेकरान् समुद्रापलीकडून जा काय औषध पाठवलान्, त्याला यश दे रे महाराजा!” आम्ही मागून, “होय महाराजा!”

डावं फूल पडलं.

“पाणी कमी लावलंत,” सुर्वेभाऊ म्हणाले. परत लावलं. परत डावं. अण्णा म्हणाले, “वाऱ्याने पडलं.” पंखा बंद केला. तिसऱ्यांदाही डावं!

दुपारचे तीन वाजले. मी म्हटलं, “अहो, हे फ्रीजमध्ये ठेवायचं असतं! चार तास झाले, इथे उकडून मरतंय ते!”

गुरव शांतपणे म्हणाला, “मग देव दुसरं काय सांगत होता?”

* * *

एवढं झाल्यावर मी काकांना जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बाटली उजेडात धरली. “ही नेमकी कशाची, कुणी बनवली, काही पत्ता नाही. या जातीच्या औषधाचे उंदरांवर बरे परिणाम दिसलेत. तुम्ही उंदीर आहात का?”

“सून तसंच समजते,” काका म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. “शौचाला काळं होतं का?”

“छे, छे!” काका बाईमाणसापुढे लाजून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

माझं डोकंच फिरलं. दोन महिने बाकावर रोज सकाळी याच विषयावर तपशीलवार भाषण, आणि इथे छे छे! “खोटं बोलतायत!” मी ओरडलो. “डांबरासारखं होतं! अख्ख्या गल्लीला माहितीय!”

काका माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पण दुर्बीण आत घालायची तपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. जठरात अल्सर, रक्त झिरपणारा. आणखी उशीर केला असता तर, एवढंच म्हणून बाई थांबल्या.

* * *

हा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण गाळणारही नाही.

तपासणीनंतर काका गुडघा धरून उठले, तसं बाईंनी विचारलं, “गुडघ्यासाठी गोळी घेता का काही?”

“ती पांढरी. रोज दोन. उपाशीपोटीच, लवकर लागू पडते म्हणून.”

“कोण देतं?”

काका परत कॅलेंडरकडे. अण्णा सोबत आले होते, तेही तिकडेच बघायला लागले. चिठ्ठी न बघता ‘दे रे दिनूला ती पांढरी’ म्हणणारे अण्णा. पाकिटात घालून देणारा मी. तीन वर्षं शिकलेला! जठराला काय होतं त्याने, ते परीक्षेत लिहून आलेला!

त्या दिवशी परतल्यावर अण्णांनी काउंटरवर पाटी लावली: चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी मिळणार नाही. खाली मी पेनाने लिहिलं, ‘बाकावरच्यांनाही.’ अण्णांनी वाचलं. खोडलं नाही.

* * *

गोळी बंद, अल्सरचं औषध सुरू, जठरात जंतू सापडले त्यांचाही कोर्स. मग परत दुर्बीण, आणि बाई म्हणाल्या, “भरलंय. आता खा, पण बेताने.”

त्या रविवारी काकांनी आम्हाला घरी बोलावलं. सकाळी स्वतः जाऊन बांगडे आणलेले. कमरेला टॉवेल, हातात पळी, कुणाला चुलीजवळ फिरकू देईनात. तिरफळाचा वास अंगणापर्यंत आलेला. सुर्वेभाऊ आणि अण्णा, दोघंही एकही सल्ला न देता ताटावर बसलेले. असं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी पहिला घास घेतला. आम्ही कुणीच जेवत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. दुसरा घास. तिसरा. माणूस सरळ बसलेला.

तेवढ्यात महेशचा व्हिडिओ कॉल. सुनेने फोन समोर धरला.

“पप्पा! तिखलं खाताय? बघा, मी म्हटलं होतं की नाही? पेप्टाइड!”

आमच्या बरोबर समोर फ्रीज होता. सून पाणी काढून गेली होती, दार तसंच उघडं. दारात कोकमाच्या बाटलीशेजारी ती बोटाच्या पेराएवढी बाटली, वरचं सील जसंच्या तसं. मी तोंड उघडलं. ताटाआडून काकांनी माझा गुडघा असा दाबला की कळ डोक्यात गेली.

“होय रे बाबा,” काका फोनकडे बघून म्हणाले. “तुझंच औषध.”

स्क्रीनभर महेशचा चेहरा आला. लांब राहून आपल्या हातून काही होत नाही म्हणून झुरायचा तो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. “आणखी सहा पाठवू, पप्पा?”

काकांनी चौथा घास तोंडात घातला. सावकाश चावला. डोळे मिटले.

“मीठ पाठव,” ते म्हणाले. “कमी पडलंय.”